सुरक्षा विभागाच्या भिंतीत शिरलेली गाडी

शेवटी आई निर्दोष ठरली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आमच्या खात्यात निकाल आधी लिहितात आणि चौकशी मग करतात. त्याच सवयीने ते माझ्या हातून वर पडलं. ते खोडलेलं आहे असं समजा. आईचं काय होणार ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांना तर अजिबातच नाही. चला, सोमवारपासून सुरू करू.

१

सोमवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी आमच्या कारशेडमधली एक जुनी विजेची गाडी, चार डब्यांची, रिकामी, आत चिटपाखरू नसताना, तीन नंबरच्या रुळावरून घरंगळत निघाली आणि माणूस चालतो तेवढ्या वेगाने सुरक्षा विभागाच्या भिंतीतून आत शिरली.

आत व्याख्यान चालू होतं. पडद्यावर वाक्य होतं, ‘उभी गाडी हीच सुरक्षित गाडी’. गाडीचं गोल नाक बरोबर त्या वाक्याच्या मधोमध बाहेर आलं. विटांचा धुरळा खाली बसल्यावर लोकांना दिसलं की तिच्या दिव्याभोवती, विभागाच्या दारापुढच्या दोन खांबांना बांधलेली ती शोभेची पिवळी-काळी साखळी मफलरसारखी लटकते आहे.

कोणाला साधं खरचटलंही नाही. गाडी पहिल्या रांगेपर्यंतच आली होती, आणि व्याख्यानाला पहिल्या रांगेत कोणीच बसत नाही.

तुम्ही विचाराल, रूळ संपतो तिथे गाडी अडवणारा बफर नसतो का? असतो. तो हिरवळीच्या आड येत होता म्हणून दीड महिन्यापूर्वी काढला. मग उभ्या गाडीच्या चाकाखाली लाकडी गुटके लावत नाहीत का? लावतात. लोक त्यांना ठेचकाळतील म्हणून तेही जमा करून घेतले. दोन्ही हुकूम सुरक्षा विभागाचे. आणि रुळाच्या उताराच्या टोकाशी इमारत बांधायचा हुकूम कोणाचा, हे मी सांगत नाही. मला नोकरी करायची आहे.

ती गाडी सकाळी आठ चाळीसला तिथे उभी केली होती माझ्या आईने.

आई मोटरमन आहे. बावीस वर्षं गाड्या चालवते आहे. त्या जुन्या गाडीवर आता ती एकटीच उरली आहे, कारण नव्या पोरांना ती गाडी चालवता येत नाही. तिच्या कंट्रोलरची मूठ सतत खाली दाबून धरावी लागते, सोडली की गाडी थांबते. पोरांना दोन्ही हात मोकळे लागतात.

आता एवढं एक समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. गाडी बंद करून ठेवली की दोन-तीन तासांत हवा गळून जाते आणि ब्रेक आपोआप सुटतात. म्हणून मोटरमन उतरण्यापूर्वी केबिनमधली एक लोखंडी चक्री गरागरा फिरवतो. चक्रीने डब्याखालची साखळी ओढली जाते आणि साखळीने ब्रेकचे ठोकळे चाकांवर आवळले जातात. हा हँडब्रेक. हवा असो नसो, गाडी जागची हलत नाही.

गाडी हलली होती. म्हणजे हँडब्रेक लावलेला नव्हता. म्हणजे आई विसरली. दोन वाजता हा अहवाल तयार होता. तीन वाजता आईला घरी बसवलं. शुक्रवारी सुनावणी, आणि सुनावणीत दोष सिद्ध झाला की आईने पुन्हा कधीही मोटरमनच्या केबिनमध्ये पाय ठेवायचा नाही.

मी त्याच कारशेडमध्ये रेकॉर्ड क्लार्क आहे. प्रत्येक डब्याचं एक देखभाल कार्ड असतं. त्यावर कुठला भाग कधी तपासला, कोणी तपासला, सगळं लिहिलेलं असतं. तीन वाजून पाच मिनिटांनी मी कपाट उघडलं, त्या डब्याचा लिफाफा काढला आणि आत हात घातला.

लिफाफा रिकामा होता.

२

घरी आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. बूटसुद्धा काढले नव्हते.

“मी लावला होता,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“तुला काय माहीत? तू होतास तिथे?”

“नाही, पण…”

“मग माहीत आहे म्हणू नकोस. तुमच्या साहेबांसारखं बोलू नकोस.”

तेवढ्यात आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तीस वर्षं कारशेडमध्ये रंगारी होती. डब्यांवरचे नंबर, दारांवरच्या सूचना, केबिनमधल्या पाट्या, सगळं हाताने, ब्रशने. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. तिच्या जागी एक फवारा आला. आत्या त्याला ‘तो’ म्हणते, माणूस असल्यासारखं. बाबा दूरच्या डेपोत बदलीवर असल्यामुळे घरातलं रागवायचं खातं सध्या तिच्याकडे आहे.

चपला न काढताच ती म्हणाली, “वहिनी, किती फेरे दिले?”

“साडेचौदा. रोजचे.”

“हाताला ताण लागला?”

“लागला ना! शेवटचा अर्धा फेरा मी दोन्ही हातांनी ओढते. चक्री घट्ट झाली, मगच खाली उतरले.”

“झालं तर मग.”

“काय झालं, ताई?” आई पहिल्यांदाच वर बघून म्हणाली. “चक्री घट्ट झाली होती आणि गाडी गेली. दोन्ही कसं खरं असेल? मी दुपारपासून तेच घोकते आहे. मला कालचा दिवस आठवत असेल का? परवाचा? बावीस वर्षं रोज तेच केलं की आजचं कुठलं आणि कालचं कुठलं, कसं सांगायचं?”

मी आईला चिडलेलं पाहिलं आहे, आजारी पाहिलं आहे, एकदा नव्या गाडीचं सॉफ्टवेअर बंद पडल्यावर तिला शिव्या देताना पाहिलं आहे. स्वतःच्या हातांकडे असं अविश्वासाने बघताना कधी पाहिलं नव्हतं.

आत्याने बघितलं आणि तिच्या नाकपुड्या फुगल्या.

“नोकरी गेली तर गेली,” ती मला बाहेरच्या खोलीत ओढत म्हणाली. “पण त्या मेल्यांनी हिचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास काढून घेतलाय. तो मी परत आणणार. सुनावणीला मदतनीस नेता येतो ना?”

“येतो. निवृत्त कर्मचारी चालतो.”

“मग फॉर्म आण. आणि उद्या मला आत ने.”

“तुझा पास संपलाय, आत्या.”

“गेटवरची पाटी कोणी रंगवलीय?”

“तू.”

“मग? माझ्याच पाटीखालून मला अडवणार?”

३

अडवलं नाही. उलट गेटवरच्या माणसाने तिला पाणी दिलं.

आम्ही तिघांना भेटलो. पहिले सुरक्षा अधिकारी. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून कारशेड त्यांना ‘शिट्टीसाहेब’ म्हणतं. भिंतीतल्या भगदाडाला त्यांनी लाल फीत बांधली होती आणि पलीकडे टेबल मांडून बसले होते. मागे गाडीचं नाक तसंच होतं. चौकशी पूर्ण होईपर्यंत गाडी हलवायची नाही असा नियम. साहेबांच्या खांद्यावरून गाडी त्यांचे कागद वाचत असल्यासारखी दिसत होती.

“हे बघा बाई,” साहेबांनी एक फोटो पुढे सरकवला. “केबिनमधला हँडब्रेक. चक्रीखाली ही खाच, खाचेत हा काटा. काटा डाव्या टोकाला. हा नकाशा बघा. काटा डावीकडे म्हणजे ब्रेक सुटलेला. उजवीकडे म्हणजे लागलेला. काटा खोटं बोलत नाही.”

“वहिनीला दाखवला हा फोटो?”

“आरोपीला पुरावा आधी दाखवायची पद्धत नाही.”

“मग कधी दाखवतात? निवृत्तीनंतर?”

साहेबांचा हात शिट्टीकडे गेला, पण त्यांनी वाजवली नाही.

“साहेब, आणि ही शोभेची साखळी सुरेख आहे,” आत्या गाडीच्या मफलरकडे बघत म्हणाली. “कुठून आणली?”

“या इमारतीच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी मागितली. जुनी, भरदार हवी म्हटलं. वारसा दिसला पाहिजे ना. स्टोअरला सांगितलं होतं.”

दुसरे स्टोअरकीपर. त्यांना ‘नाहीसाहेब’ म्हणतात. मी एकदा त्यांना विचारलं होतं, तुम्ही बरे आहात ना? ते नाही म्हणाले. ते बरे होते.

“साहेबांना साखळी तुम्ही दिलीत?” आत्याने विचारलं.

“नाही.”

“त्यांनी मागितली नव्हती?”

“मागितली. मी नाही म्हटलं. लेखी.”

“मग कोणी दिली?”

“माझ्या स्टोअरमधून नाही गेली. साहेब ओरडायला लागले तेव्हा फोरमन मध्ये पडले. म्हणाले, बघतो मी. काय बघितलं, ते मला माहीत नाही.” एवढं बोलून नाहीसाहेबांना दम लागला. वर्षभराचं बोलणं झालं होतं.

तिसरे फोरमन. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो. चौतीस वर्षं नोकरी. जुन्या गाडीचा प्रत्येक खिळा त्यांना ठाऊक. त्यांनी आत्याला बघितलं आणि खुर्चीतून उठलेच.

“काय सांगू, ताई. घरातल्या माणसासारखी आहे ती मला. पण वय होतं माणसाचं. पहाटे चारला उठायचं, घर बघायचं… एखाद्या दिवशी राहून जातं.”

“तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“पंच म्हणून मलाच केबिनमध्ये नेलं ना साहेबांनी. काटा पार डावीकडे होता. या डोळ्यांनी पाहिलं. सही करवत नव्हती माझ्याने.” त्यांनी डोळे पुसले. खरे ओले होते. मीही जरा भावुक झालो.

बाहेर आल्यावर आत्याचा चेहरा जुना रंग खरवडताना व्हायचा तसा झाला होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“गाडीचं कुठलं टोक भिंतीत आहे?”

“पूर्वेकडचं.”

“आणि वहिनी उतरली कुठल्या टोकाने?”

“पश्चिमेच्या. फोटोही तिथलाच आहे.”

आत्या थांबली. “आणि साहेबांच्या हातातला नकाशा कुठल्या टोकाचा होता, ते पाहिलंस?”

मी पाहिलं नव्हतं.

४

पश्चिमेच्या केबिनला फीत लावून सील केलं होतं. ‘आत जाण्यास मनाई’ असं त्यावर लिहिलं होतं. आत्याने ते अक्षर कसं वाईट आहे ते सांगितलं आणि खालून वाकून आत गेली.

जुन्या गाडीची केबिन म्हणजे एक मोठं लाकडी कपाट. समोर दोन खिडक्या, पितळी मूठ, आणि भिंतीलगत ती चक्री. मंगळवारी सकाळी तिथे उन्हाचा पट्टा पडला होता.

“ही गाडी ज्याने आखली ना,” आत्या म्हणाली, “तो शहाणा माणूस होता. त्याने विचार केला, ब्रेक लावताना मोटरमनला बाजूच्या खिडकीतून फलाटाकडे बघता आलं पाहिजे. म्हणून दोन्ही टोकांचे डबे त्याने आरशातल्यासारखे उलटसुलट केले. पूर्वेच्या डब्यात बाजूची खिडकी चक्रीच्या उजवीकडे. पश्चिमेच्या डब्यात?”

मी बघितलं. “डावीकडे.”

“नियम एकच. काटा खिडकीकडे गेला की ब्रेक लागला. इथे खिडकी डावीकडे. काटा कुठे आहे?”

काटा डावीकडे होता. खिडकीला टेकून.

“पण आत्या, हे साहेबांना कोण पटवणार? नकाशा पूर्वेचा आहे असं म्हटलं तर ते म्हणतील, गाडी एकच आहे.”

आत्या खाचेजवळच्या पत्र्याकडे बघत होती. पत्रा राखाडी होता. सगळी केबिनच राखाडी होती. उद्घाटनाला पाहुणे येणार म्हणून ‘त्याने’, म्हणजे फवाऱ्याने, पाट्या, सूचना, स्क्रू, एक मेलेली माशी, सगळ्यावर एकच रंग मारला होता. माशी अजून तिथेच होती, राखाडी.

आत्याने पिशवीतून खरवडायची पट्टी काढली. काट्याच्या डाव्या टोकाशी हलक्या हाताने घासायला सुरुवात केली. राखाडी पापुद्रा सुटला. खाली पांढरा. पांढऱ्यावर लाल. एक काना दिसला, मग एक ‘ल’, मग सगळा शब्द, ठसठशीत, आत्याच्या हातचा:

लागला.

“सोळा वर्षांपूर्वी रंगवला होता,” ती म्हणाली. “माझं नाव नाही मागितलं मी कुठे. पण मी लिहिलेलं वाचायचं तरी! वाचता येत नाही म्हणून पुसून टाकायचं, आणि पुसलं म्हणून बाईला दोषी ठरवायचं?”

मी फोटो काढले. आई बरोबर होती, संपलं.

“संपलं?” आत्या म्हणाली. “आता डोकं चालव. ब्रेक लागला होता. मग गाडी गेली कशी?”

५

नवा पांढरा शर्ट घालून गाडीखाली जाऊ नये. हे मी आता इतरांना सांगू शकतो.

“काय दिसतंय?” वरून आत्या.

“काळोख.”

“टॉर्च लाव ना, शहाण्या.”

टॉर्च लावली. चक्रीपासून खाली आलेला दांडा दिसला. दांड्यावर गुंडाळलेली साखळी दिसली, ताठ, घट्ट. मी तिच्यामागोमाग सरकत गेलो. हातभर अंतरावर ती डब्याच्या लोखंडी सांगाड्याला एका बोल्टने पक्की केली होती. बोल्ट नवा कोरा, चकचकीत. साठ वर्षांच्या काजळीत तो एखाद्या सोन्याच्या दातासारखा चमकत होता.

“आत्या, साखळी सांगाड्यालाच बांधलीय!”

“आणि पुढे?”

“पुढे ब्रेकचा दांडा आहे. त्याला एक रिकामी कडी लोंबतेय.”

“मधे काय आहे?”

“मधे काही नाही. नुसती हवा.”

“बाहेर ये,” वरून आत्या म्हणाली.

मी बाहेर आलो तेव्हा आत्या रुळाशेजारच्या दगडावर बसली होती. “म्हणजे चक्री फिरवली की साखळी आवळणार,” ती सावकाश म्हणाली, “सांगाड्याला. हाताला ताण लागणार, काटाही सरकणार. आणि ब्रेकला पत्ताही नाही.”

“पण बोल्ट कशाला? साखळी नुसती काढून नेली असती तरी…”

“तर चक्री मोकळी फिरली असती. वहिनीच्या पहिल्याच फेऱ्यात लक्षात आलं असतं. तिने गाडी सोडलीच नसती. ज्याने हे केलं ना, त्याला तिचा हात माहीत होता. ती शेवटचा अर्धा फेरा ओढते, हे माहीत होतं. तिच्या हातांना फसवण्यासाठी लावलाय तो बोल्ट.”

आम्ही गाडीला वळसा घालून भगदाडाशी गेलो. शिट्टीसाहेब जेवायला गेले होते. आत्याने मफलरची एक कडी हातात घेतली आणि पिवळा रंग खरवडला. खाली ग्रीस. कडीला पीळ होता, हाताने ठोकलेल्या जुन्या कड्यांना असतो तसा. गाडीखाली राहिलेल्या तुकड्याला होता, अगदी तसाच.

मी आळीपाळीने गाडीकडे आणि साखळीकडे बघितलं. सुरक्षा विभागाच्या शोभेसाठी गाडीचा ब्रेक काढला होता. आणि दीड महिन्याने, जिथे साखळी तिथे, गाडी ती परत घ्यायला स्वतः आली होती.

तुम्ही म्हणाल, दीड महिना गाडी कशी राहिली? मीही तेच विचारलं. बाकीच्या दिवशी ती सपाट रुळावर उभी असायची. उतारावर तिला पहिल्यांदा सोमवारी उभी केली, कारण सपाट रुळावर त्या दिवशी नव्या गाडीचं छायाचित्रण होतं. तो हुकूम कोणाचा, तेही मी सांगत नाही.

“कोणी केलं, कळलं तुला?” आत्याने विचारलं.

“साहेबांनी?”

“साहेबांना हँडब्रेक कुठे असतो ते सोमवारी कळलं.”

“नाहीसाहेब?”

“तो नाही म्हणाला.” हे तिने असं म्हटलं की जणू शपथपत्र होतं. “तुझ्या कपाटातलं कार्ड नेलं कोणी, त्याची काही नोंद असते?”

“कार्ड बाहेर नेण्याचं रजिस्टर आहे. पण त्यात कोणीच कधी सही करत नाही. मी तीन वर्षांत उघडलेलं नाही.”

“शुक्रवारी घेऊन ये.”

“रिकामं आहे, आत्या.”

“घेऊन ये म्हटलं ना.”

६

शुक्रवारी सुनावणीला आई गणवेशात आली. बटणं घासलेली. चौकशी अधिकारी मुख्य कचेरीतून आलेले एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना कोणत्याही परिस्थितीत चारची गाडी पकडायची होती, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं.

आत्याने खरवडलेल्या शब्दाचा फोटो ठेवला. मग बोल्टचा. मग दोन कड्या शेजारी शेजारी. शिट्टीसाहेबांचा चेहरा राखाडी झाला, फवारा मारल्यासारखा.

“पण… काटा डावीकडे…” ते म्हणाले.

“साहेब, तुमच्या नकाशाच्या कोपऱ्यात बघा. काय लिहिलंय?”

साहेबांनी चष्मा लावला. “पूर्व टोक.”

“तुम्हाला माहीत नव्हतं. ठीक आहे. माहीत नसणं हेच तुमचं पद आहे.” आत्या वळली. “या कारशेडमध्ये ही गोष्ट माहीत असणारी माणसं तीन. मी, कारण मी रंगवलं. माझी वहिनी, कारण ती चालवते. पण तिला फोटो दाखवलाच नाही. आणि तिसरे पंच म्हणून केबिनमध्ये उभे होते. साहेब म्हणाले, काटा डावीकडे म्हणजे ब्रेक सुटलेला. चौतीस वर्षं त्या गाडीवर काढलेल्या माणसाने एवढंच म्हणायचं होतं की साहेब, उलट आहे. नवख्याची चूक दुरुस्त केल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही, ते गप्प बसले. सही केली. का हो, फोरमन?”

फोरमनकाका खिडकीबाहेर बघत होते.

“हा तर्क झाला,” ते म्हणाले. “मी घाईत होतो. लक्षात आलं नाही. साखळी कोणीही काढली असेल. पुरावा आहे काही?”

चौकशी अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. “पुरावा आहे का, बाई?”

आत्याने माझ्याकडे हात केला. मी रजिस्टर दिलं, धूळ झटकून. ते रिकामं असणार याची मला खात्री होती, आणि माझ्या कारभाराची लक्तरं भर सभेत टांगली जाणार याचीही.

आत्याने उघडलं. पहिल्या पानावर एकच ओळ होती. ती तिने मोठ्याने वाचली.

“सोमवार. दुपारी बारा चाळीस. पश्चिम टोकाच्या मोटर डब्याचं देखभाल कार्ड. नेणाऱ्याची सही, फोरमन. नेण्याचं कारण, तातडीचं. परत करण्याची तारीख,” इथे ती थांबली, “शुक्रवारनंतर.”

बारा चाळीसला मी भगदाड बघायला गेलो होतो. सगळेच गेले होते. काका गेले नव्हते. ते पुरावा चोरायला माझ्या खोलीत आले, कपाट उघडलं, कार्ड घेतलं आणि चौतीस वर्षांच्या सवयीने सही करून गेले. आमच्या खात्यात चोरीसुद्धा नियमानुसार होते. फक्त क्लार्क रजिस्टर बघत नाही.

“कार्ड कुठे आहे?” चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

काकांनी कोटाच्या आतल्या खिशातून काढून टेबलावर ठेवलं. अगदी नीट घडी. हँडब्रेकच्या रकान्यात दीड महिन्यापूर्वीची नोंद होती, त्यांच्याच अक्षरात: ‘साखळी काढली. साहेबांसाठी. तात्पुरती.’

“फाडून का नाही टाकलंत?” माझ्या तोंडून गेलं.

“रेकॉर्ड आहे ते!” काका एवढ्या धक्क्याने म्हणाले की सगळे दचकले. “रेकॉर्ड कोणी फाडतं का?”

मग ते बोलत सुटले. साहेब रोज ओरडत होते, उद्घाटन सकाळी होतं, गाडी वर्षअखेर भंगारात जाणारच होती, चार दिवसांत दुसरी साखळी लावू म्हटलं, ती आलीच नाही…

“पण बोल्ट?” आई म्हणाली.

ती पहिल्यांदाच बोलली होती. आवाज अगदी साधा होता.

“तुम्ही मला सांगितलं असतंत, की ब्रेक नाहीये, तर मी चाकाखाली दगड लावले असते. चिठ्ठी लिहून ठेवली असती. गाडीत झोपले असते वेळ पडली तर. ब्रेक नसला तर माणूस सांभाळतो, काका. ब्रेक आहे असं हाताला वाटायला लावलंत तुम्ही. मी चार दिवस झोपले नाही. मला वाटलं, माझे हात गेले.”

काका कार्डाची घडी सरळ करत राहिले. तीन पन्नास झाले होते. चौकशी अधिकारी उठले.

७

निकाल पंधरा दिवसांनी आला. सांगतो.

फोरमनकाकांची बदली झाली. हँडब्रेकची सखोल माहिती असल्यामुळे त्यांना सुरक्षा विभागात घेतलं. शिट्टीसाहेबांना एक गंभीर त्रुटी उघडकीस आणल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्यांनी नव्या भिंतीवर टांगलं. मला रजिस्टर न पाहिल्याबद्दल ताकीद मिळाली. ही एकच शिक्षा योग्य माणसाला झाली.

आईचं पत्र वेगळं होतं. तिने ते दारातच उघडलं, वाचलं, परत वाचलं. मग माझ्या हातात दिलं. ती कामावर परत रुजू होऊ शकते, असं त्यात होतं. त्याखाली लिहिलं होतं: ‘आपल्याविरुद्ध दोष आढळून आला नाही. तथापि, आपली दीर्घ सेवा लक्षात घेऊन सदर चुकीबद्दल आपल्याला क्षमा करण्यात येत आहे. पुढे काळजी घ्यावी.’

“कुठली चूक?” आई म्हणाली.

“छापील मजकूर असतो गं तो. सगळ्यांना तोच जातो.”

“मी विचारते आहे, कुठली चूक?”

“जाऊ दे ना, आई. सुटलीस ना तू?”

“सुटले?” तिने असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. “मला धरलं कशासाठी होतं? साखळी त्यांनी चोरली, फसवलं त्यांनी, गाडी भिंतीत गेली ती त्यांच्या हुकुमाने, आणि क्षमा मला? नको मला यांची क्षमा. परत कर.”

“परत? असं काही परत घेत नाहीत, आई.”

“तू क्लार्क आहेस ना? लिही.”

आत्याही आली. तिने पाटीसारखं ठळक अक्षर काढायला सांगितलं. मी लिहिलं. आईने सही केली, मदतनीस म्हणून आत्याने केली. सोमवारी सकाळी आईने गाडी काढण्यापूर्वी अर्ज आवक खिडकीवर दिला. क्षमा परत करण्याचा नमुना अर्ज उपलब्ध नसल्यामुळे तो साध्या कागदावर होता. त्याचा मजकूर असा:

प्रति, माननीय मुख्य प्रशासकीय अधिकारी यांस,

विषय: दिलेली क्षमा परत घेण्याबाबत.

महोदय,

आपल्या पत्रान्वये मला क्षमा करण्यात आली आहे. मी कोणतीही चूक केलेली नसल्यामुळे सदर क्षमा माझ्याकडे विनाकारण पडून आहे व तिचा मला काहीही उपयोग नाही. तरी ती सुस्थितीत सोबत परत पाठवत असून, पोच मिळावी. सदर क्षमा कार्यालयात शिल्लक पडल्यास, ती ज्यांना लागू होते अशा अधिकाऱ्यांची यादी मी देण्यास तयार आहे. तथापि, त्यांनी ती माझ्याकडे समक्ष, कामाच्या वेळेत, गाडीच्या केबिनमध्ये येऊन, सर्व मोटरमनांसमोर मागितल्याशिवाय त्यांना देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
मोटरमन, जुनी गाडी.